उघडलंच आहे तर

जीप थांबावी म्हणून गेला अख्खा शनिवार मी ती नीट फिरेल कशी, या विचारात घालवला. जीप वडिलांची: जुनी महिंद्रा सीजे-३बी, विलीजच्या वंशातली, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पावसाळ्यात मावळातला एखादा ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरतं, लाइनर भिजतात आणि पुढची दोन वळणं ब्रेक दाबणं म्हणजे गाडीला केलेली नम्र विनंती असते. डिस्क बिचारी उघड्यावरच राहते, त्यामुळे पाणी झटकून लगेच कामाला लागते. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क बसवायचं ठरलं. मिस्त्रींनी हब खोलला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, उघडलंच आहे तर बेअरिंगही बदलून टाका." रोलरांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. 'उघडलंच आहे तर' या तीन शब्दांनी मराठी माणसाचा जितका पैसा खर्च केला असेल, तितका लग्नकार्यांनीही केला नसेल.

नाना पेठेतल्या दुकानदाराने काउंटरवर तीन बेअरिंग मांडली. एक गुळगुळीत खोक्यातलं, एक साध्या खोक्यातलं, एक तेलकट खाकी कागदात गुंडाळलेलं. तिन्हींवर नंबर एकच, कोन (आतलं कडं) १८५९० आणि कप (बाहेरचं कडं) १८५२०. कारखाने वेगळे, पण नाव तेच, जसा दर गावात एक मारुती. कोनाचं भोक एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, म्हणजे ४१.२७५ मिलिमीटर. मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणाऱ्या त्या वस्तूंपुढे मी खिशातला चष्मा शोधत उभा होतो. अशा निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेनने १८९८ साली घेतलं. तो सेंट लुईसचा, घोडागाड्या बनवणारा. वळणावर चाकाला जो आडवा रेटा बसतो, तो सोसायला हे रोलर तिरके बसवलेले असतात. त्यावरून मला आजोळची बैलगाडी आठवली. तिला मागे वंगणाचा नळा टांगलेला असे, आणि तो रिकामा झाला की गाडी वेशीपासूनच कुरकुरत येई.

दुकानदाराने एकेक बेअरिंग बोटावर फिरवून माझ्या कानाशी धरलं. "ऐका." मी ऐकलं. मैफलीत समेच्या आधीच मान हलवणाऱ्या श्रोत्याचा चेहरा करून ऐकलं. पहिल्या दोहोंत मला काडीचाही फरक कळला नाही. तिसरं मात्र जरा खरखरलं. त्याच्या कपावरचा नंबर कोरलेला नव्हता, नुसता छापलेला होता. नखाने खरवडला तर त्यातलं शून्य निघून आलं. मी साध्या खोक्यातली चार घेतली. एका चाकाला दोन, आतलं-बाहेरचं सारखंच.

मिस्त्रींनी तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहिले, भरली वांगी भरावीत तशी, ग्रीस पलीकडून डोकावेपर्यंत. मग चाक जड होईपर्यंत नट आवळला आणि एक षष्ठांश फेरा सैल केला. नट षटकोनी, म्हणजे बरोब्बर एक बाजू. इतकं मोजूनमापून सैल सोडणं मला कुठल्याच नात्यात जमलेलं नाही.

संध्याकाळी जीप घरी आणली. ब्रेक झकास, चाकं निःशब्द. गेली कित्येक वर्षं ती कोपऱ्यावरून वळताना एक बारीक 'घूंऽऽ' करायची. आमच्या लेखी तो जीपचाच आवाज होता. वडील असताना तो ऐकून आई चहाचं आधण ठेवायची; ते गेल्यावर माझ्यासाठी ठेवत राहिली. त्या दिवशी मी दारात उभा, आणि गॅस बंद.

"आलास कधी रे?" ती म्हणाली. "कळलंच नाही."

हल्ली मी कोपऱ्यावर हॉर्न वाजवतो.