छोटी आवृत्ती

सुलतानपूर कुठं, असं कुणी विचारलं की आम्ही लोणारचं नाव घेतो. समोरचा लगेच म्हणतो, "अच्छा, ते सरोवर!" आणि आमचं गाव त्या सरोवरात बुडतं. थोरल्याच्या शेजारी राहिलं की असंच होतं. पिग्मी हिप्पोबद्दल मला आपुलकी वाटते ती याचमुळे. मोठ्या पाणघोड्याची छोटी आवृत्ती, एवढीच त्याची जगात ओळख!

खरं तर तो घडलाय वेगळाच. उंची पाऊण ते एक मीटर, वजन पावणेदोनशे ते पावणेतीनशे किलो. दारच्या म्हशीपुढं उभा केला तर म्हैसच भाव खाईल. मोठ्याचे डोळे डोक्याच्या वर असतात, अंग पाण्यात ठेवून बाहेरच्या भानगडी बघायला सोयीचे. याचे मात्र बाजूला. कारण हा लायबेरियाकडच्या दाट जंगलातला, रात्री एकटा फिरणारा गडी. पाठ पुढं उतरती, झुडपांत शिरायला बरी. पायाची बोटं फाकलेली, मधला पडदा कमी. खालच्या जबड्यात पटाशीचे दात दोन, मोठ्याला चार. अंगातून गुलाबीसर द्राव पाझरतो. जून 2020 मध्ये लोणारचं पाणीही गुलाबी झालं होतं, पण ती खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची करामत. याचा रंग स्वतःचा, उसना नाही.

1844 साली फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन यांनी लायबेरियातून आलेल्या कवट्यांवरून त्याची नोंद केली आणि नाव दिलं 'मायनर'. तेही आधीच एका जीवाश्माच्या वाट्याला गेलेलं निघालं! 1849 मध्ये मग 'लायबेरिएन्सिस' झालं. आपल्याकडं मांजरा, गोदावरीच्या काठी ज्यांचे जीवाश्म सापडतात, ते हिप्पो एकेका जबड्यात सहा पटाशीचे दातवाले. काही शास्त्रज्ञांनी पिग्मीला त्यांच्या पंगतीत बसवलं, पुढं दुसऱ्यांनी उठवून वेगळं पान मांडलं. बिचारा जेवला कधी, कोण जाणे.

2024 च्या जुलैत थायलंडच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेली पिग्मी हिप्पो मू डेंग मोबाइलवर इतकी गाजली की आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ती पाठ झाली. मी त्यांना डोळे, बोटं, दात सगळं सांगितलं. मन लावून ऐकलं त्यांनी. मग त्यातला एक म्हणाला, "थांबा ना काका, मोठं झालं की होईलच ते बरोबर हिप्पो!"