किल्ट, हॅमॉक आणि उघडी बाजू

स्कॉटलंडच्या डोंगरात पाठीवर सॅक, कमरेला किल्ट आणि रात्री दोन झाडांना हॅमॉक बांधून मुक्काम, असा बेत आखणारी माणसे थोडी असतात. पण असतात ती हट्टी असतात. हट्टी माणसाला सल्ला देऊन उपयोग नसतो, सूचना द्याव्या लागतात. म्हणून हा प्रपंच. इच्छुकांनी मूळ तत्त्व आधी नीट समजून घ्यावे: किल्ट आणि हॅमॉक या दोन्ही वस्तू खालून उघड्या आहेत. यापुढे तुमचे जे काही बरेवाईट व्हायचे आहे, ते खालूनच होणार आहे.

प्रथम खरेदी. खरा किल्ट आठ वार लोकरी कापडाचा असतो. ज्यांच्या घरी आजी नऊवारी नेसायची, त्यांनी हा आकडा ऐकून दचकू नये. फरक इतकाच की लुगड्याला कासोटा असतो. स्कॉटिश पूर्वजांनी सगळे कापड मागच्या चुण्यांत घातले आणि कासोट्याची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला. अशा किल्टचे वजन दीड-दोन किलो भरते. हल्ली कृत्रिम धाग्याचे हलके किल्ट मिळतात आणि ते लवकर वाळतात, हे खरे. पण खिंडीत वारा सुटला की आधी किल्ट वर जातो आणि पाठोपाठ अब्रू. किल्टची सभ्यता त्याच्या वजनात आहे. लग्नासाठी भाड्याने आणलेला किल्ट मात्र डोंगरात नेऊ नये, अनामत रक्कम विसरावी लागते. समोरच्या पदराला लावायची मोठी पिन फक्त वरच्या पदरातून घालावी. आतला पदरही तिच्यात अडकवला, तर पहिलाच ओढा ओलांडताना टर्र असा आवाज येतो आणि तो ओढ्याचा नसतो.

आता सॅक. या विषयावर पुस्तके गप्प असतात, म्हणून इथे जरा थांबू. किल्ट पँटसारखा कमरेच्या हाडावर नाही, बेंबीच्या उंचीवर बसतो. त्यामुळे सॅकचा कमरपट्टा नेमका किल्टच्या बकलांवर येतो. तो तसाच आवळून चालू लागलात, तर दर पावलाला सॅक मागच्या चुण्या बोट बोट वर ओढत राहते. चालणाऱ्याला याचा पत्ता नसतो. मांड्यांमागे जरा गार वाटते, तेव्हा ‘हवा काय सुंदर आहे’ असे तो म्हणतो. मागून येणारी मंडळी एकाएकी डोंगराच्या सौंदर्यात रमलेली दिसली, की समजावे. पट्टा आवळला की दोन्ही हात मागे नेऊन चुण्या खाली ओढाव्यात, आणि प्रत्येक विसाव्यानंतर हा विधी न लाजता पुन्हा करावा. पुढे लटकणारी स्पोरन नावाची चामड्याची पिशवी पट्ट्याखाली चेपू नये, कुशीकडे सरकवावी. पाइप बँडमधले ढोलवाले तेच करतात.

किल्टची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे मार्गदर्शन पँटवाल्यांनी प्रायोजित केल्याचा संशय येईल. गुडघाभर ओल्या गवतातून चालताना पँट गुडघ्यापर्यंत चिंब होते आणि दुपारपर्यंत अंगाला चिकटून बसते. किल्टवाल्याचे पाय भिजतात, पण पाय पुसता येतात. चढावर गुडघा मोकळा राहतो. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. फक्त भिजलेल्या किनारीवर लक्ष असू द्यावे, ती गुडघ्याच्या मागची कातडी सोलून काढते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या हायलँडर शिपायांच्या किल्टच्या कडा चिखलाने भरून थंडीत गोठत आणि पाय अक्षरशः कापत; चुण्यांत उवा राहायच्या त्या वेगळ्याच. तुमच्याजवळ व्हॅसलीनची डबी आहे. तेव्हा कुरकुर नको.

‘आत काय घातलंय?’ हा प्रश्न वाटेत हमखास विचारला जाईल. लष्करी परंपरेचे उत्तर ‘काही नाही’ असे आहे. परंपरेला डास चावत नाहीत. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी सगळा थाट हायलँडी पद्धतीने मांडला होता. आणि राजाने म्हणे आखूड किल्टखाली गुलाबी रंगाची घट्ट विजार चढवली होती. लोक हसले, पण राजाचे पाय शाबूत राहिले. राजमान्य पायंडा आहे, निःसंकोच गिरवावा. रंगाची सक्ती नाही.

डासांचा उल्लेख वर सौजन्याने केला. तिकडे चावतो तो मिज: अंगात शिरायला बटणाच्या काजाएवढी वाट पुरते असा दोनेक मिलिमीटरचा कीटक. चावते ती मादी, आणि एकटी कधीच येत नाही. मे ते सप्टेंबर हा हंगाम, पहाट आणि संध्याकाळ ही वेळ, दमट व निवांत हवा ही पसंती. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असला तरी मिजांना उडता येत नाही. म्हणजे वारा पडला की मिज उडतात आणि वारा फार वाढला की किल्ट उडतो. या दोहोंच्या मधला वारा जिथे सापडेल तिथेच मुक्काम करावा. हॅमॉकची जाळी घेताना साध्या मच्छरदाणीवर भागवू नये, तिच्या भोकांतून मिज सहकुटुंब ये-जा करतात.

रस्ता कोणता धरायचा? नवख्यांनी ‘वेस्ट हायलँड वे’ धरावा: ग्लासगोजवळच्या मिलगाय गावापासून फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर, १९८० पासून अधिकृत. सुरुवातीला लॉख लोमंडच्या पूर्व काठाने ओकची राई आहे. हॅमॉकवाल्याला झाड निवडण्याचा माज येतो. तो रॅनक मूरवर उतरतो. मैलोन् मैल दलदल आणि माळ, बांधायला खुंट म्हणावे तर तोही नाही. जुन्या पाइनची खोडे आहेत, ती दलदलीच्या पोटात. तिथे हॅमॉक जमिनीवर अंथरून त्यात झोपावे आणि आपण ती का आणली, याचा विचार सकाळवर ढकलावा. झाडांशिवाय ज्यांना करमत नाही त्यांनी सरळ रॉथिमर्कस किंवा ग्लेन अॅफ्रिकच्या पाइनवनात जावे.

कायद्याची भीती नको. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, बहुतेक मोकळ्या जमिनीवर तात्पुरत्या मुक्कामाचा हक्क दिला आहे. लॉख लोमंडच्या काठच्या काही पट्ट्यांत मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. किल्टचे म्हणाल तर १७४७ च्या ऑगस्टपासून १७८२ पर्यंत स्कॉटलंडमध्ये तो घालणेच गुन्हा होता: पहिल्या खेपेला सहा महिने कैद, दुसऱ्या खेपेला सात वर्षे समुद्रापार. सरकारी पलटणीत भरती झालात तर तोच किल्ट चालत असे. सरकारचे धोरण समजून घेण्याच्या भानगडीत तेव्हाही कोणी पडले नसावे.

हॅमॉकमध्ये प्रवेश. पट्टे रुंद वापरावेत, झाडाची साल सोलू नये. दोर साधारण तीस अंशांत उतरता ठेवावा. ताणून बांधलेली हॅमॉक माणसाला बाहेर फेकते. तिच्याकडे पाठ करून उभे राहावे, दोन्ही तळव्यांनी चुण्या मांडीखाली घ्याव्यात, मधोमध बसावे आणि दोन्ही पाय एकदम उचलावेत. एकेक पाय उचलणाऱ्यांचे समोरच्या तंबूतल्या कुटुंबाशी संबंध कायमचे बिघडतात. मग कर्णरेषेत आडवे व्हावे. तोवर आठ वार लोकर पाठीखाली गोळा होऊन तिचा उंचवटा झालेला असतो, आणि ज्या भागासाठी ती विकत घेतली तो भाग रात्रीच्या वाऱ्याच्या स्वाधीन असतो. स्लीपिंग बॅग आहे ना, असे म्हणू नका. अंगाखाली चेपलेल्या बॅगेत हवा उरत नाही, म्हणून ऊबही नाही. त्यासाठी हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगायची वेगळी रजई मिळते. ती महाग असते.

जुन्या हायलँडरला हा खर्च नव्हता. त्याचा मोठा किल्ट शिवलेला नसे. पाचेक वारांचे दुहेरी पन्ह्याचे कापड पट्ट्याने आवळायचे, रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. नोकरीनिमित्त तिकडे राहिलेल्या एडमंड बर्ट या इंग्रजाची पत्रे १७५४ मध्ये छापली गेली. हे लोक थंडीवाऱ्यात पांघरूण ओढ्यात बुचकळून अंगाभोवती गुंडाळतात आणि माळावर झोपतात, असे त्याने ऐकीव लिहून ठेवले आहे. ओल्या लोकरीतून वारा शिरत नाही म्हणे. प्रयोग ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावा. पण मधला मार्ग आहे: हॅमॉकमध्ये बसल्या बसल्या बकले सोडावीत, किल्ट पसरून पाठीखाली अंथरावा, आणि सकाळी शेजारी जागे होण्याआधी उठावे. रात्री लघवीला उठायचे झाल्यास काय करायचे, यावर हे मार्गदर्शन मौन पाळते.

फोर्ट विल्यमला वाट जिथे संपते, तिथे दुखरे पाय चोळत बसलेल्या वाटसरूचा पुतळा आहे. सगळे त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात, तुम्हीही काढा. बसताना चुण्या खाली घ्या, गुडघे जवळ ठेवा, आणि फोटो काढणाऱ्याला बजावून सांगा की उभ्यानेच काढ, उकिडवा बसून नको.