डोळे झाकून इंग्रजी शिकवा

तुमची शाळा सावद्यात आहे. पटसंख्या घसरते आहे, कारण बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून रोज सकाळी पिवळ्या बसगाड्या पालकांच्या डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांच्यावर 'इंग्लिश मीडियम' असं ठळक लिहिलेलं असतं. इंग्रजी तुमच्याही शाळेत आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासूनच आहे. पण ते कुणाला दिसत नाही, ही खरी अडचण. तिच्यावर आता इलाज निघालाय: व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा. डोळ्यांवर खोकं चढवलं की समोर थेट लंडन. नवख्या संस्थाचालकांनी पुढच्या सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. आधी उद्घाटक ठरवा, चष्मे नंतर. चष्मा घातलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी पेपरात हमखास येतो. फोटोच्या वेळी त्यांना हात पुढे करून हवेत चाचपडायला सांगा. त्यालाच दूरदृष्टी म्हणतात. फेटा बांधायचा तो चष्मा काढल्यावर. फेट्यावरून पट्टा जात नाही, आणि ओढूनताणून गेलाच तर पाहुण्यांचं पुढचं भाषण त्याच विषयावर होतं.

२. तीन कोटेशनं मागवा. तिन्ही एकाच दुकानातून आली तरी लेटरहेड वेगवेगळी हवीत. चष्मे दहा घ्या. वर्गात मुलं साठ आणि तास पस्तीस मिनिटांचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे पावणेसहा मिनिटं येतात. त्यातली तीन पट्टा आवळण्यात आणि काच पुसण्यात जातात. उरलेल्या वेळात एक 'हॅलो' आणि त्याचं उत्तर आरामात बसतं. बाकीची पन्नास मुलं तोवर 'कीप क्वाएट' हे वाक्य शिकतात, तेही जिवंत माणसाच्या तोंडून.

बजेट कमी असेल तर गूगलने २०१४ मध्ये काढला तसला पुठ्ठ्याचा चष्मा चालेल. त्यात मोबाईल लागतो, तो सरांचा घ्यावा. मूल टेम्स नदीच्या काठी उभं असतानाच केंद्रप्रमुखांचा मेसेज येईल: माहिती आज पाच वाजेपर्यंत सादर करावी. घाबरू नका. मुलाला लंडन नाही दिसलं तरी शिक्षण खातं आतून दिसलं.

३. भाषणासाठी थोडा इतिहास पाठ करा. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी केलेलं असलं यंत्र इतकं जड होतं, की ते छताला टांगावं लागे. तुमच्या छताला पंखा टिकतोय, तेवढ्यावर समाधान माना. आताचा चष्मा साधारण अर्धा किलोचा आहे. चौथीच्या मानेला तेवढा पेलायला हवा. कंपनीच्या नियमाची फार चौकशी करू नका. असे चष्मे विकणारी 'मेटा' पूर्वी तेरा वर्षांखालच्या मुलांना मनाई करत असे. २०२३ मध्ये ती अट दहावर आली. पिकवण्याच्या चेंबरमध्ये ठेवलेली केळी लवकर पिकतात, तसे मुलांचे डोळेही हल्ली लवकर पिकत असतील.

४. लॅबला एसी हवा, एसीला वीज हवी, विजेला इन्व्हर्टर हवा. मार्च-एप्रिलात आपल्याकडे ऊन कसं असतं ते कंपनीला ठाऊक नाही. चष्म्याच्या कडेला फोम असतो. त्याखाली घाम साचतो, काचेवर वाफ धरते आणि पोरगं म्हणतं, "सर, मले काहीच दिसून नही ऱ्हायलं." आठवड्याभरात सगळा वर्ग हे वाक्य अस्खलित म्हणेल. इंग्रजी नाही, पण अस्खलितपणाची सुरुवात कुठून तरी व्हायलाच हवी.

५. आता प्रत्यक्ष अध्यापन. इथे जरा सावकाश वाचा. अशा ॲपमध्ये प्रसंग ठरलेले असतात: टॅक्सी, हॉटेलचं रिसेप्शन, रेस्टॉरंट, रेल्वेचा डबा. डब्यात समोरचा प्रवासी तुम्हाला कुठे चाललात विचारतो. सावदा स्टेशनातून दिल्लीला केळीच्या वॅगनी जाताना पाहिलेलं मूल आधी डब्यात माल कुठे भरायचा ते शोधील. रेस्टॉरंटात वेटर मेनू पुढे करील. त्यात भरीत नाही, वरण-बट्टी नाही. मुलाने 'वॉटर' मागावं. यंत्राला सावद्याचं 'वॉटर' पहिल्यांदा कळणार नाही. मूल मोठ्याने म्हणेल, मग ओरडेल, मग शेजारचे नऊजणही ओरडतील. ओरडलं की इंग्रजी समजतं, ही श्रद्धा साहेबाच्या काळापासून चालत आली आहे. ती मोडू नका.

या वेटरचा एक गुण मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. तो हसत नाही. मुलाने 'आय ॲम गो' म्हणो की 'ही आर कम', तो शांतपणे पुन्हा विचारतो. म्हणूनच बुजरी मुलं व्हीआरमध्ये तोंड उघडतात, असं त्याचे पुरस्कर्ते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. मुलाला इंग्रजीची भीती नसते, हशाची असते. वर्गातला हशा आणि सरांचा टोमणा बंद करणं हा याहून फार स्वस्त उपाय आहे. पण त्याची तीन कोटेशनं मिळत नाहीत आणि फीतही कापता येत नाही, म्हणून तो बाद.

तसाच दुसरा स्वस्त मोह म्हणजे गावचा विषय. जून २०२१ मध्ये आपल्याच रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ मेट्रिक टन केळी दुबईला गेली, जळगावच्या केळीचं भौगोलिक मानांकन मिरवत. एका मुलाला व्यापारी करावं, दुसऱ्याला बागायतदार, बाकावर केळ्यांची एक फणी ठेवावी आणि भाव, वजन, खोका, तारीख यांवर दोघांना इंग्रजीत भांडू द्यावं, असं एखाद्या उत्साही बाई सुचवतील. सपशेल नकार द्या. फणी तासाअखेर खाल्ली जाते. ती डेडस्टॉक रजिस्टरला कशी नोंदवणार? शिवाय दुबईचा व्यापारी कदाचित हिंदीतच बोलेल. हे मुलांना कळलं तर उरलासुरला उत्साहही जाईल.

६. परितेवाडीचं नाव कुणी काढलं तर विषय बदला. सोलापूर जिल्ह्यातल्या तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पुस्तकांवर क्यूआर कोड लावणं हे त्यांचं गाजलेलं काम. व्हिडिओ कॉलवरून मुलांची परदेशातल्या मुलांशी गाठ घालून देण्याचा उद्योगही त्यांनी केला. तो फार धोक्याचा आहे. पलीकडे खरं पोर असतं, ते उलट प्रश्न विचारतं, आणि मग आपल्या पोराला उत्तर सुचावं लागतं. त्यातून या गृहस्थांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. अशा माणसाचं अनुकरण करावं का, हे संचालक मंडळाच्या बैठकीत ठरवा.

७. परीक्षा घेऊ नका. लॉग-इन मोजा. अहवालात लिहा, 'विद्यार्थ्यांनी लंडन अनुभवले.' पालक सभेत एखादी आई चष्मा लावून म्हणेल, "चांगलं हाय, पन आमचं पोरगं बोलते का?" तिला सांगा, अपडेट येणार आहे.

८. अपडेट येत नाही, हे मनाशी धरून चाला. शाळांसाठी काढलेलं 'गूगल एक्स्पेडिशन्स' जून २०२१ मध्ये गूगलनेच बंद केलं. तुमचा पुरवठादार काही गूगलपेक्षा मोठा नाही. बॅटऱ्या फुगल्या की चष्मे कपाटात ठेवा. किल्ली इंग्रजीच्या शिक्षकांकडे देऊ नका. त्यांच्याकडे मतदार याद्यांचं काम आहे. पुढे कपाटही अडचण करू लागलं तर निर्लेखनाचा ठराव करा. तो मराठीत चालतो.