हॉलंड हाउसफुल्ल

सप्टेंबर १९५०. नेदरलँड्सची राणी युलियाना संसदेपुढे सरकारनं लिहून दिलेलं वार्षिक भाषण वाचत होती. त्यात एक मुद्दा असा होता, की लोकसंख्या झपाट्यानं वाढतेय, जमीन आहे तेवढीच आहे, तेव्हा लोकांनी देश सोडून जावं यासाठी जोर लावणं भाग आहे. देशाची लोकसंख्या तेव्हा १ कोटी. प्रजेला देशोधडीला लावणारे राजे इतिहासात पोत्यानं सापडतात. वर जहाजाचं भाडंही भरणारे विरळा.

१९७९. तीच राणी, तीच संसद. देश भरला आहे, काही ठिकाणी तर जास्तच भरला आहे, असं तिनं वाचून दाखवलं. आता लोकसंख्या १ कोटी ४० लाख. पुढच्या वर्षी राणी पायउतार झाली, लोकसंख्या झाली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आकडा १ कोटी ८० लाखांच्या पुढे गेला आणि आता ‘जागा नाही’ हे सांगायला राजघराण्याची गरज उरलेली नाही. त्यावर निवडणुका जिंकता येतात, सरकारं पाडता येतात. जुलै २०२३ मध्ये मार्क रुट्टेंचं सरकार निर्वासितांच्या बायकापोरांना येऊ द्यायचं की नाही, या भांडणात गेलं. पाठोपाठच्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी खेर्ट विल्डर्सचा पक्ष ३७ जागा घेऊन पहिला आला, सत्तेत बसला, आणि जून २०२५ मध्ये विल्डर्सनी त्याच विषयावरून तेही सरकार पाडलं. नेदरलँड्समध्ये माणसं मावतात की नाही ते राहू द्या, सरकारं मात्र मावत नाहीत.

‘लोकसंख्या : शाप की वरदान?’ हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलाय. शेवटी ‘शाप’कडे झुकलं की मार्क बरे पडायचे. त्या निबंधात हॉलंड कधी नसायचं, कारण हॉलंड म्हणजे ट्युलिप, पवनचक्की आणि कालव्याकाठी सायकल चालवणारी उंच माणसं. गर्दी म्हणजे आपण. आता आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात चौरस किलोमीटरला ३६५ माणसं निघाली. नेदरलँड्समध्ये पाणी सोडून नुसती जमीन धरली तर हा आकडा ५०० च्या वर जातो. आपली मंडळी तिकडे जाऊन ‘काय निवांत आहे हो!’ म्हणत फोटो टाकतात, तो देश आपल्या विदर्भ-मराठवाडा-मुंबईसकटच्या महाराष्ट्रापेक्षा दाट आहे. निवांतपणा माणसं कमी असल्यामुळे येतो, असं आपल्याला उगाच वाटतं. गाडी वेळेवर आली की पाचशे माणसंही निवांत दिसतात.

खरी गंमत १९५० ते १९७० च्या दरम्यानची. सरकार पैसे देऊन लोकांना बाहेर धाडत होतं. ‘ख्रोटे बेर’ नावाचं जहाज, जे महायुद्धात सैनिक वाहायला बांधलेलं, ते आता शेतकऱ्यांची पोरं भरभरून नेत होतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. दोनेक दशकांत पाच लाखांच्या आसपास माणसं गेली. आणि त्याच वेळी लिम्बुर्गच्या कोळशाच्या खाणी, ट्वेंटेच्या कापडगिरण्या, रॉटरडॅमच्या गोद्या ‘कामाला माणूस मिळेना’ म्हणून गळा काढत होत्या. मग सरकारनं १९६० मध्ये इटलीशी करार केला, १९६४ मध्ये तुर्कस्तानशी, १९६९ मध्ये मोरोक्कोशी. एका खिडकीवर ‘जा’ म्हणून अनुदान, शेजारच्या खिडकीवर ‘या’ म्हणून करार. हे वाचल्यावर मला आपल्या मंत्रालयाबद्दल पहिल्यांदाच जरा आपुलकी वाटली.

आलेल्यांचं नाव ठेवलं ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हटला की तो जाणार. जाणाऱ्याला घर कोण बांधून देतो, भाषा कोण शिकवतो? खाणी बंद पडल्या, गिरण्या बंद पडल्या, पाहुण्यांना नातवंडं झाली, आणि मग तीस-चाळीस वर्षांनी शोध लागला, की ही मंडळी मिसळत नाहीत.

बरं, मुळात १९५० मध्ये इतकी डच पोरं आली कुठून? जगात संततिनियमनाचं काम सगळ्यांत आधी हाती घेणाऱ्यांत हा देश आहे. अलेट्टा याकोब्स, तिथली पहिली महिला डॉक्टर, १८८२ पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये गरीब बायकांचा मोफत दवाखाना चालवत होती आणि त्यांना गर्भनिरोधक टोपी बसवून देत होती. आपल्या र. धों. कर्व्यांनी मुंबईत केंद्र काढलं ते १९२१ मध्ये, आणि त्यापायी प्राध्यापकी सोडली. तिकडे याकोब्सबाईंनाही कुणी पालखीत मिरवलं नाही. १९११ मध्ये नीतिमत्तेचा कायदा आला आणि या साधनांचा गाजावाजा करणं गुन्हा ठरलं. दक्षिणेत ब्राबांट-लिम्बुर्गचे कॅथलिक फादर घरोघर जाऊन ‘पाळणा रिकामा का?’ विचारायचे. प्रॉटेस्टंटांना धास्ती, की कॅथलिक आपल्याला संख्येनं गाठणार. कॅथलिकांना ईर्षा, की गाठायचंच. ‘त्यांची वाढताहेत, आपली कमी पडतील’ हे गणित नागपुरात किंवा मालेगावात शोधून काढलेलं आहे असा आपला समज असेल तर तो काढून टाका. डचांनी ते आपल्या आधी सोडवून पाहिलंय. उत्तर आलं ते असं, की १९६० च्या दशकात गोळी आली, टीव्ही आला, पोरी शिकल्या, चर्चं ओस पडली आणि दोन्ही बाजूंचे पाळणे एकदमच थांबले. १९६४ मध्ये अडीच लाख बाळं जन्मली होती. १९७५ मध्ये पावणेदोन लाखांच्या जवळपास. सरकारनं मात्र लोकसंख्येची वाढ कशी थांबवावी यावर १९७२ मध्ये आयोग नेमला. आयोगानं पाच वर्षं घेऊन १९७७ मध्ये अहवाल दिला, की वाढ थांबवावी. बायकांनी वाट पाहिली नव्हती.

आज तिथे वर्षाला जन्मतात त्याहून जास्त माणसं मरतात. वाढ होते ती सगळी बाहेरून येणाऱ्यांची.

माझा एक भाचा आइंडहोव्हनला असतो. मूळचा डोंबिवलीचा. चिप बनवायची यंत्रं करणारी एएसएमएल ही बलाढ्य कंपनी तिथे शेजारच्या फेल्डहोव्हनमध्ये आहे. हा तिच्या एका पुरवठादाराकडे कामाला. गेल्या वर्षी त्यानं घर शोधायला घेतलं. घर बघायला दहा मिनिटांची वेळ मिळते, तीही ऑनलाइन फॉर्म भरल्यावर. त्या दहा मिनिटांत तुमच्या पुढचं जोडपं उभ्या, शिडीसारख्या जिन्यावरून खाली येत असतं आणि मागचं वर चढत असतं, त्यामुळे घर कमी आणि एकमेकांच्या चपला जास्त दिसतात. मग सांगितलेल्या किमतीच्या वर बोली लावायची, बंद लिफाफ्यात. पुढचा किती बोलला ते कळत नाही. फॅमिली डॉक्टरकडे नाव घालायला गेला तर ‘नवीन पेशंट घेत नाही’. बायकोनं पाळणाघरात नाव नोंदवलं ते सातव्या महिन्यात, बाळ पोटात असताना. मला व्हिडिओ कॉलवर म्हणतो, “मामा, तुला सांगतो, फार लोक यायला लागलेत रे इकडे. आणि सगळे आपलेच! गणपतीला हॉल मिळत नाही.” मी विचारलं, “तू कधी गेलास?” म्हणाला, “मी आलो तेव्हा एवढं नव्हतं.” मागून सूनबाई म्हणजे त्याची बायको ओरडली, “मामा, ह्याला डोंबिवली फास्टमध्ये परत बसवा.”

त्याचं दुःख खोटं नाही. सुमारे ४ लाख घरं कमी आहेत त्या देशात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये सवलतीच्या भाड्याच्या घराला दहा वर्षांहून जास्त रांग. विजेच्या तारासुद्धा भरल्यात; नवा कारखाना काढायचा तर जोडणीसाठी हजारोंची प्रतीक्षायादी आहे. मग सगळी जागा गेली कुठे? माणसांनी किती खाल्ली? इथेच मंडळींचा आवाज जरा खाली येतो, कारण देशाच्या निम्म्याहून जास्त जमिनीवर शेतीनं रुमाल टाकून ठेवलाय. १ कोटीच्या आसपास डुकरं, पस्तीस लाखांवर गुरं आणि कोंबड्या नऊ कोटींच्या घरात. शेतमालाच्या निर्यातीत हा चिमुकला देश जगातल्या पहिल्या काही देशांत नाव लावतो. मांस, चीज, दूध बाहेर जातं. शेण आणि मूत इथेच राहतं. त्यातला अमोनिया हवेतून जंगलांवर, दलदलींवर पडतो आणि त्यातल्या नायट्रोजननं तिथल्या नाजूक झाडोऱ्याचा जीव घेतो. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं, की नायट्रोजन पुढे कमी होईल या भरवशावर आजच परवाने द्यायचं उधारीचं खातं आता बंद. झालं! हजारो बांधकामं अडकली. डुकरं इतकी झाली की माणसांची घरं थांबली. पुढल्या मार्चपासून हमरस्त्यावरचा वेग दिवसा ताशी १०० किलोमीटरवर आणला. का, तर गाड्यांचा धूर कमी झाला की तेवढ्या नायट्रोजनमध्ये थोडी घरं बसतील. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर चालून आले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचा पक्ष प्रांतिक निवडणुकांत पहिला आला. आता सरकार शेतकऱ्यांना पैसे देतंय, की बाबांनो, गोठे बंद करा. पैसे देऊन ‘निघा’ म्हणण्याची त्यांची जुनी सवय.

इतकं असूनही ‘देश भरला’ म्हणताना कुणाचं बोट डुकराकडे जात नाही. डुकराला बाहेरचं म्हणता येत नाही ना.

बोट जातं ते पोलंड-रुमानियाहून आलेल्यांकडे, जे वेस्टलंडच्या काचघरांत टोमॅटो तोडतात. सीरियावाल्यांकडे. थोडंफार भाच्याकडेही, पण त्याच्याकडे बोट दाखवताना दुसऱ्या हातानं त्याला बसायला खुर्ची द्यावी लागते. मार्च २०२४ ची गोष्ट घ्या. परदेशी मनुष्यबळाला आडकाठी आणली तर आम्हाला वाढ दुसरीकडे न्यावी लागेल, असं एएसएमएलनं कुरकुरून दाखवलं. चार महिन्यांपूर्वी मतदारांनी विल्डर्सना पहिलं आणलं होतं, तरी काळजीवाहू रुट्टे सरकारनं आइंडहोव्हनच्या घरांसाठी, रस्त्यांसाठी, शिक्षणासाठी अडीच अब्ज युरो काढून दिले. मोहिमेचं नाव ‘बेथोव्हन’. बेथोव्हन जर्मनीत जन्मला आणि व्हिएन्नात जाऊन राहिला, हे कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

त्याच वर्षाच्या जानेवारीत आणखी एक सरकारी आयोग बोलला होता. रिचर्ड फान झ्वोल त्याचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, २०५० पर्यंत १ कोटी ९० लाख ते २ कोटी माणसं असावीत. फार वाढली तर घरं, पाणी, शाळा पुरायच्या नाहीत. वाढलीच नाहीत तर म्हाताऱ्यांचं करायला कुणी उरायचं नाही. मला हा अहवाल आवडला, कारण त्यात किती माणसं हवीत याच्याबरोबर कशासाठी हवीत हेही विचारलंय. माणसं आधी मोजायची आणि मग रडायचं, हा उलटा क्रम त्यात नाही. अर्थात अहवाल संयमी होता, त्यामुळे त्यावर कुणी निवडणूक जिंकली नाही. आणि तुम्हाला कुणी सांगणार नाही, पण याच भरलेल्या देशात डेल्फझेइलसारख्या कोपऱ्यातल्या गावांत माणसं राहिनात म्हणून मोकळे पडलेले ब्लॉक पाडावे लागलेत. तिथे जागा आहे, पुरेशा नोकऱ्या नाहीत. आइंडहोव्हनला नोकऱ्या आहेत, जागा नाही. भरला आहे तो देश नव्हे, नोकरीच्या वाटेवरचा तुकडा. हे मुंबई आणि गडचिरोली एका राज्यात ठेवून बसलेल्या माणसांना समजवायला नको.

आपण तरी कुठे शहाणे? १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. देशात असं करणारं पहिलं राज्य! राष्ट्रपतींची मोहोर उठली नाही म्हणून बरेच मराठी बाप वाचले. आता वारा फिरलाय. राज्याचा जननदर केव्हाच दोनाच्या खाली आलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू म्हणाले, पोरं वाढवा. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन एका सामुदायिक लग्नात म्हणाले, सोळा का नकोत? चंद्राबाबूंचं दुखणं म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, स्टॅलिनांचं लोकसभेच्या जागांचं. उत्तरेत डोकी जास्त झाली, दक्षिणेच्या खुर्च्या घटतील. आंध्रनं तर तिसऱ्या अपत्याच्या आईबापांना स्थानिक निवडणूक लढवायला असलेली बंदीही उठवली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवतांनी सांगितलं, समाज टिकायचा तर दोनाहून जास्त हवीत, म्हणजे तीन. आज्ञा शिरसावंद्य. फक्त आमच्या गावातल्या उत्साही सरपंचांना कुणीतरी वेळेत सांगायला हवं, की महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं तर ग्रामपंचायतीतली खुर्ची जाते.