वाट कोणाच्या बापाची?

'आयटी पार्क अवघ्या पाच मिनिटांवर' असं हिंजवडी-माण पट्ट्यातल्या नव्या गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकात हमखास छापलेलं असतं. कोणाची पाच मिनिटं, ते छापलेलं नसतं. बहुधा घारीची असावीत.

माहितीपत्रकातला नकाशा तर फ्रेम करून लावावा असा. इकडे इमारत, तिकडे कंपनी, मधोमध सरळसोट जाड रेघ. त्या रेघेखाली कोणाचं तरी भातखाचर असतं, कोणाचा गोठा असतो, पण ते कशाला दाखवायचं? कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रस्तावित' लिहिलेलं असतं. म्हणजे ताबा तुम्ही घ्यायचा आणि रस्ता तुमच्या नातवानं बघायचा.

खरी गंमत लोक राहायला आल्यावर सुरू होते. पहिल्या वर्षी सोसायटीची मागणी असते, कंपन्यांच्या रस्त्याला आम्हाला जोडा. कसाबसा जोड मिळतो. मग सकाळी नऊला मुख्य रस्त्यावर अडकलेल्या गाड्या त्याच जोडावरून सोसायटीत घुसतात. दुसऱ्या वर्षी तिथे सिमेंट भरलेले दोन ड्रम येतात, आडवा दांडा येतो, 'खासगी रस्ता' अशी पाटी येते आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीतला वॉचमन काचेवर टकटक करून विचारतो, "साहेब, स्टिकर?" साहेब चिडतात. ते शेजारच्या सोसायटीत राहतात. तिथल्या दांड्याच्या ठरावावर त्यांचीच सही असते.

कंपन्याही काही कमी नाहीत. सोसायटीनं फाटक उघडावं म्हणून त्या निवेदनं देतात आणि स्वतःच्या मागच्या फाटकाला मात्र सुरक्षेच्या नावाखाली कुलूप. रस्ता हवाच, पण दुसऱ्याच्या अंगणातून, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

मग दाद मागायची कोणाकडे? आयटी पार्कातला रस्ता एमआयडीसीचा, बाहेरचं नियोजन पीएमआरडीएकडे, गावातली गल्ली ग्रामपंचायतीची आणि वाकडला पोचलात की पिंपरी-चिंचवड महापालिका. एमआयडीसी 1962 ची, पीएमआरडीए 2015 ची. एवढ्या वडीलधाऱ्यांच्या घरात पोर उपाशी राहायचंच. 2025 च्या जूनमध्ये रस्ते तुंबले तेव्हा पाण्यानं कोणाची हद्द पाहिली नाही. जबाबदारीनं मात्र पाहिली. हिंजवडीच्या मेट्रोचं म्हणाल, तर भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्येच उरकलंय. बाकीचं तुम्ही खिडकीतून पाहताच आहात.

याच माणमधल्या शेतकऱ्याची वाट कोणी अडवली, तर तो तहसीलदाराकडे जातो. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. सहा महिन्यांच्या आत दावा लावला, तर शेताच्या वहिवाटीतला अडथळा काढायचा हुकूम मिळू शकतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ताही मागता येतो. निकाल रखडतो, भाऊबंदकी होते, सगळं खरं. पण निदान ठोठावायला एक दार आहे. बैलगाडीच्या वाटेची काळजी इंग्रजांच्या अमदानीतल्या कायद्यानं केली. तीच जमीन बिगरशेती झाली, तिच्यावर मजल्यांवर मजले चढले, की शेतकऱ्याचा हा आधार आपल्याला उरत नाही. आपल्या वाट्याला अर्ज, पोच आणि 'तो भाग आमच्याकडे येत नाही'.

ड्रम हटवा की ठेवा, यावर सोसायटीच्या सभा खुशाल गाजवा. त्यानं रस्त्याची रुंदी वीतभरही वाढायची नाही. ज्या रस्त्याच्या जोरावर फ्लॅट विकले, तो जमिनीवर उतरल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका, एवढी एकच मागणी रहिवाशांनी आणि कंपन्यांनी मिळून पीएमआरडीएकडे लावून धरावी. आणि तुम्ही बुकिंगला निघाला असाल, तर माहितीपत्रक बिल्डरच्या टेबलावरच ठेवा आणि ती जाड रेघ आधी स्वतः चालून या. सकाळी नऊ वाजता.