पर्यावरणप्रेमी नगरसेवकाची पात्रता

'पर्यावरणप्रेमी नगरसेवक' हे बिरूद मिळवायला पाच जूनच्या पर्यावरणदिनी एक रोप, एक फावडे आणि एक फोटोग्राफर पुरतो. अभिनंदनाचा फ्लेक्स ठोकायला झाड आधीच उभे असते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार मात्र एम.कॉम. होऊन १९८९ साली सरपंच झाले, आणि त्यांनी मतदारांना चक्क 'नाही' ऐकवले: शेतीसाठी बोअर नाही, कुऱ्हाड नाही, मोकाट चराई नाही. पाण्याचा ताळेबंद आधी, पीक मागून. गाव लहान, शहर मोठे, हा आक्षेप रास्तच. पण नगर शहराकडे २००३ पासून महापालिका आहे, पगारी अभियंते आहेत. सीना नदीच्या पात्रात भराव टाकणाऱ्याला 'नाही' म्हणायला लोकसंख्या कुठे आडवी येते? मते जातील म्हणावे, तर हिवरे बाजारात जवळपास तीस वर्षे निवडणूक बिनविरोधच होत होती.