लोकरकाकू

सोसायटीच्या बागेत तगरीपाशी कुणी वाकून पुटपुटताना दिसलं, तर स्तोत्र चाललंय असं समजून हात जोडू नयेत. त्या लोकरकाकू असतात, आणि पुटपुटणं ‘तीन सुलट, दोन एकत्र’ असं असतं.

आपल्या लेखी तगर म्हणजे पूजेचं पांढरं फूल. काकूंना दिसतात त्या भिंगरीसारख्या एकाच अंगाला वळलेल्या पाच पाकळ्या. म्हणून टोपीचा शेंडा विणताना त्या टाक्यांचे पाच भाग पाडतात आणि प्रत्येक भागात एकाच बाजूने टाके घटवत जातात. शेंड्यावर तगरीचा पीळ आपसूक उतरतो. ही युक्ती त्या समोरच्याच्या डोक्यावर बोट फिरवून समजावतात. परवा कुरिअरवाल्याला समजावली. तो बिचारा ओटीपी मागायला आला होता.

सदाफुली त्यांनी चौकटीच्या वहीत काढली आणि जशीच्या तशी विणली, तर फूल कुणीतरी वर बसून उठल्यासारखं बसकं झालं. सुलट टाका चौकोनी नसतोच. रुंदीला जास्त, उंचीला कमी. तेव्हापासून काकू कागदावर प्रत्येक फूल मुद्दाम उभट काढतात. स्वेटरवर ते बरोबर गोल उतरतं. वही चाळणाऱ्याला मात्र काकूंनी यंदा दुधी भोपळा लावलाय असं वाटतं.

खरी कसोटी रंगाची. नमुन्याचं फूल ओल्या रुमालात गुंडाळून काकू तुळशीबागेत जातात. बहुतेक फुलं वाटेतच मान टाकतात, आणि मग सुकल्या रंगाची लोकर घरी येते. गुलबक्षीचं मात्र कौतुक. ती चारच्या सुमारास उमलते, आणि दुपारची झोप आटोपून दुकानंही तेव्हाच उघडतात. ‘पुण्याच्या वेळा पाळणारं हे एकच फूल,’ असं काकू म्हणतात. अडचण इतकीच, की गुलबक्षीच्या एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि दोन्हीचे शिंतोडे उडालेली फुलं येतात. तसले शिंतोडे असलेली लड मागितली, की दुकानदार आतल्या खोलीत जातो आणि काकू जाईपर्यंत बाहेर येत नाही.

जास्वंदीच्या बाबतीत काकूंनी कमाल केली. पाकळ्या लाल लोकरीच्या, आणि मधला तुरा वेगळा विणून स्वेटरवर चांगला बोटभर बाहेर काढलेला. माघी गणेश जयंतीला नातू तो घालून देवळात गेला. रांगेतल्या एका आजींनी भक्तिभावाने त्याच्या पोटावर हळदकुंकू वाहिलं. डाग अजून गेलेला नाही. काकू म्हणतात, ‘परागकण वाटतात. राहू दे.’

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात सारं पुणं फुलांशेजारी तोंड नेऊन फोटो काढत असतं. काकू ‘हात लावू नये’ या पाटीच्या साक्षीने डेलियाची मान हळूच वळवतात आणि पाठ तपासतात. ‘पुढून कुणीही छान दिसतं. काम उलट्या बाजूला कळतं.’ मागे एकही धागा लोंबत नाही हे पाहून त्या माळ्याला शाबासकी देतात. माळी गोंधळतो, पण नमस्कार करतो.

नातवंडं, सुना, शेजारी, वॉचमन, सगळ्यांच्या अंगावर अशी काही ना काही बाग फुललेली. एका काकांचाच स्वेटर तेवढा मातकट रंगाचा, साधा, दोन सुलट दोन उलट. नवऱ्याच्या वाट्याला एक पाकळीही का नाही, असं कुणीतरी एकदा विचारलंच. काकूंनी सुईवरची ओळ पुरी केली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, ‘अहो, एवढी फुलं उगवायची तर कुणीतरी माती व्हायला नको?’

काकांनी पेपरामागून मान डोलावली. त्यांच्या मांडीवर लोकरीची लड होती.